रोगशय्येवरील श्रद्धा आणि आपले कर्तव्य
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



संमेलनाच्या या आनंदप्रसंगी दुखण्याचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या घरात दीर्घ आजार कधी शिरला नाही, असे घर आपल्यांत विरळाच. असा आजार आला म्हणजे माणूस वैद्याकडे धावतो, तसाच देवाकडेही धावतो. ही दुसरी धाव रोग्याला कितपत तारते, एवढाच प्रश्न आम्ही आज आपणांपुढे मांडणार आहोत.

प्रार्थनेने रोग हटतो, असे म्हणण्यास आधार सापडत नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. अमेरिकेतील सहा रुग्णालयांत हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रोग्यांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. आपल्यासाठी कोणी प्रार्थना करीत आहे की नाही, हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यांत प्रार्थना होवो वा न होवो, शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रव सारखेच आढळले : शेकडा ५२ आणि ५१. ज्यांना प्रार्थना होत असल्याचे निश्चित सांगितले होते, त्यांच्यांत मात्र ते शेकडा ५९ निघाले!

मग श्रद्धा व्यर्थ म्हणावयाची काय? तसेही नाही. श्रद्धेच्या आधाराने पुष्कळ रोग्यांचे मन स्थिर राहते, हे कोणीही पाहिले असेल. पण ती श्रद्धा कोणत्या प्रकारची, यावर सर्व अवलंबून आहे. अमेरिकेतीलच नॉर्थ कॅरोलिना प्रांतात पंचावन्न वर्षांवरील ५९६ रोग्यांची विचारपूस करून त्यांच्यावर सुमारे दोन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्याचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. देवाने आपल्याला टाकले, त्याचे प्रेम आपल्यावर उरले नाही, या विचाराने जे ग्रासले होते, त्यांच्यांत प्रकृतीचे मान हिशेबात धरूनही मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. त्या विचारानेच मृत्यू ओढवला, असे यावरून सिद्ध होत नाही. तथापि इशारा पुरेसा आहे.

तो विचार आपल्याकडे 'पूर्वकर्माचे भोग' या शब्दांत येतो, आणि तो रोग्याच्या कानी घालणारे आपणच असतो. आम्हीही त्या दोषातून मुक्त नाही. नात्यातील एका कर्करोगग्रस्त वृद्धेला आम्ही एकदा सहज म्हणालो, "काकू, भोग आहेत, भोगूनच संपवावयाचे." त्या काही बोलल्या नाहीत, भिंतीकडे तोंड करून निजल्या. त्यांना धीर हवा होता, आम्ही निवाडा दिला.

याहून कठोर एक गोष्ट सांगतो. मुलींच्या लग्नांत विघ्न येऊ नये म्हणून आपल्या ज्ञातीत कर्करोग लपविला जातो. हा रोग संसर्गाने पसरत नाही. तरी रोग्याला माजघरात ठेवून पाहुण्यांपासून दूर केले जाते. ज्याला ज्ञातीने टाकले, त्याला देवाने टाकल्यासारखे वाटले तर नवल काय?

गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) आयुष्यभर कीर्तनांतून नवससायास आणि पशुहत्या यांवर प्रहार केले आणि लोकांसाठी धर्मशाळा उभारल्या. दादर येथे त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात येणारे गावोगावचे कर्करोगी आणि त्यांचे नातलग उतरतात. रोग्याची श्रद्धा सांभाळण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस दिसत नाही.

म्हणून आमची विनंती तीन गोष्टींची आहे. रोग्याला पापपुण्याचा हिशेब सांगू नये. तो नाम घेत असेल तर आनंदाने साथ द्यावी, परंतु अंगारेधुपाऱ्यांपायी औषध बंद करू देऊ नये. आणि ज्या घरात आजार आहे, त्या घरची सोयरीक त्या कारणाने मोडू नये. या शेवटच्या गोष्टीचा ठराव याच संमेलनात व्हावा, अशी सूचना मांडून आम्ही आपली रजा घेतो.