व्ह्यू म्हणजे किती पाहिले?

नव्या मराठी चित्रपटाचा ट्रेलर येतो आणि लगेच पोस्टरवर आकडा झळकतो, 'दहा लाख व्ह्यूज'. दहा लाख माणसांनी ट्रेलर पाहिला, असे आपण समजतो. पण तो आकडा एवढे सांगतच नाही.

यूट्यूबच्या शॉर्ट्समध्ये 31 मार्च 2025 पासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरतात. पुन्हा सुरू झाला की आणखी एक. निर्मात्याची कमाई मात्र जुन्या, कडक मोजणीवरच ठरते. मिरवायचा आकडा वेगळा, पैशांचा वेगळा!

नेटफ्लिक्सचे उदाहरण तर फार बोलके आहे. तिथे पूर्वी चित्रपट किंवा मालिकेचा एक भाग 70 टक्के पाहिला, तरच तो पाहिला असे धरत. जानेवारी 2020 मध्ये कंपनीने नवा नियम जाहीर केला : दोन मिनिटे पुरेत. 'अवर प्लॅनेट' ही निसर्गमालिका जुन्या नियमाने 3.3 कोटी घरांनी पाहिली होती; नव्या नियमाने तीच 4.5 कोटी घरांनी पाहिलेली ठरली. बदलला तो फक्त नियम. 2023 पासून तिथे पाहिलेल्या एकूण तासांना चित्रपटाच्या लांबीने भागतात. दोन तासांचा चित्रपट एक कोटी तास पाहिला गेला, तर व्ह्यूज 50 लाख. अर्ध्यावर सोडणारे दोघे मिळून एक. मला ही रीत त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते, कारण मूळ तासही प्रसिद्ध होतात आणि आपल्याला हिशेब पडताळता येतो.

क्रिकेटमध्ये आणखी निराळे. 19 नोव्हेंबर 2023 च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर 5.9 कोटी प्रेक्षक होते, असे जाहीर झाले. हा आकडा एकाच क्षणाचा आहे, दिवसभरात डोकावून गेलेल्यांचा नव्हे. तो ट्रेलरच्या व्ह्यूजशेजारी मांडणे चूकच.

याच आकड्यांकडे बघून प्रायोजक पैसे लावतात. एखादा मन लावून केलेला मराठी लघुपट शेवटपर्यंत पाहिला जातो आणि तरी आकड्यात मागे पडतो, याचे मला वाईट वाटते. म्हणून विनंती आहे, पुढच्या वेळी असा आकडा वाचाल तेव्हा दोन गोष्टी जरूर विचारा : मोजला कुणी, आणि किती सेकंदांना?