जंगलातील जुन्या तलावाची पाळ वेळीच पारखा



तलावाचे पाणी मोरीतून बांधीत आले की आपण निश्चिंत होतो. वर पाळीकडे कोण बघतो? त्यातून तलाव जंगलात असला, तर महिनोन् महिने तिकडे कोणी फिरकत नाही. आज अशा पाळीबद्दलच बोलायचे आहे.

आधी एक घडलेली गोष्ट ऐका. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील लॉन लेक या तलावावर खालच्या भागातील शेतकऱ्यांनी १९०३ साली ओलितासाठी मातीचे धरण बांधले. उंची अवघी २६ फूट. उद्यान झाले ते नंतर, १९१५ साली. धरण उंच डोंगरात, पायवाटेने चढून जावे लागे. त्यामुळे देखरेख कमी. धरणातून जाणारा नळ आणि त्याची झडप यांचा सांधा शिशाने भरलेला होता. तो सांधा झिजला. तेथून झिरपणारे पाणी मातीचा कण कण वाहून नेऊ लागले आणि आतल्या आत पोकळी झाली. १५ जुलै १९८२ च्या पहाटे धरण फुटले. सुमारे ८३ कोटी लिटर पाणी खाली धावले. वाटेतले दुसरे धरणही कोसळले. तिघांचा जीव गेला. कचरा उचलणाऱ्या एका कामगाराने आवाज ऐकून लगेच फोन केला, म्हणून बाकीचे वाचले.

आता आपल्याकडे बघा. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीस कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले १९७५ साली. पूर्व विदर्भात असे जुने मातीचे तलाव गावोगाव आहेत, काही जंगलातही आहेत. पूर्वजांचे काम पक्के होते, यात शंका नाही. पण माती ती माती. तिला राखण लागतेच.

मी शेतीखात्याचा माणूस, इंजिनिअर नव्हे. पण पाळीखालचे शेत आणि घर आपले आहे. म्हणून एवढे करा.

पहिले, पावसाळ्याआधी एकदा आणि तलाव भरल्यावर दर आठवड्याला चौघांनी मिळून पाळ पायी फिरा. पाळीच्या पायथ्याने आणि मोरीच्या तोंडाजवळून जरूर जा. भेग, खचलेली जागा, घुशीचे बीळ, नवी ओल दिसली की खूण करून वहीत तारखेसह लिहा.

दुसरे, पाझर मोजा. पाझराचे पाणी एका बादलीत घ्या, बादली किती वेळात भरते ते घड्याळावर पाहा. तलावाची पातळी तीच असून बादली लवकर भरू लागली, तर गळती वाढली असे समजा. पाणी स्वच्छ आहे तोवर नजर ठेवा. गढूळ झाले, तर पाळ आतून पोखरली जात आहे. मग उद्यावर ढकलू नका.

तिसरे, खालच्या बाजूने येणारे पाणी चिखल किंवा मातीने बुजवू नका. पाणी दुसरी वाट शोधते आणि जास्त नुकसान करते. इंजिनिअरच्या सल्ल्याने तेथे आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि वर दगड असा थर देतात. त्यातून पाणी निघून जाते, माती अडते.

चौथे, सांडवा मोकळा ठेवा. रब्बीला चार दिवसांचे पाणी जास्त मिळावे म्हणून सांडव्यावर पोती रचू नका. मासे अडवायला जाळीही लावू नका. कचरा अडकून पाणी पाळीवरून गेले, तर मातीची पाळ टिकत नाही.

पाचवे, पाळीवरची झुडपे लहान असतानाच काढावीत. मोठे झाड मात्र आपण होऊन उपटू नका. मुळे कुजली की त्यांच्या जागी पाण्याला वाट मिळते. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर फांदी तोडायला किंवा मुरूम खणायलाही वनविभागाची परवानगी हवी. नुसत्या श्रमदानाच्या उत्साहाने कामाला लागू नका. उन्हाळ्यापूर्वीच ग्रामसभेचा ठराव करा. तलाव जिल्हा परिषदेचा की पाटबंधारे विभागाचा, हे ग्रामपंचायतीत विचारून त्या कार्यालयाला आणि वनविभागाला लेखी कळवा. अर्जाची पोच घ्या.

आणि गढूळ पाणी जोरात येऊ लागले, पाळ खचू लागली, तर अर्जाची वेळ गेली. पाळीवर गर्दी करू नका. नाल्याकाठची माणसे-गुरे आधी उंचावर हलवा. ११२ वर फोन करा, तलाठी व तहसील कार्यालयाला कळवा.

बंधूंनो, धान गेले तर पुढल्या हंगामात पुन्हा लावता येते. गेलेला माणूस परत येत नाही. तेव्हा या आठवड्यात एकदा पाळीवर जाऊन या.