हिप्पी आणि दवाखान्यातली लाज



साठच्या दशकातल्या बंडखोर तरुणांचं आज काय उरलं, यावर थोडक्यात बोल, असं संयोजकांनी सांगितलं. हिप्पी म्हटलं की आपल्याला ‘हरे रामा हरे कृष्णा’ आठवतो. लांब केस, गळ्यात माळा, हातात चिलीम. मी चाळीस वर्षं डॉक्टरकी केली, त्यामुळे मला मात्र हिप्पींचा एक दवाखाना आठवतो.

१९६७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात, हाइट-ॲशबरी भागात, देशभरातून हजारो तरुण येऊन थडकले. खिशात पैसे नाहीत, राहायला जागा नाही. कुणाला गुप्तरोग, कुणी नशेच्या आहारी गेलेला. मोठ्या इस्पितळात जावं तर औषधाआधी उपदेश, शिवाय पोलिसांची धास्ती. तेव्हा डेव्हिड स्मिथ या तरुण डॉक्टरने जूनमध्ये तिथेच मोफत दवाखाना उघडला. डॉक्टर आणि नर्स स्वेच्छेने येत. खर्चासाठी रॉक गायकांनी कार्यक्रम केले. उपचार हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि दारात आलेल्याची झडती घ्यायची नाही, हे तिथलं तत्त्व. नशेत अडकलेला माणूस तिथे गुन्हेगार नव्हता, पेशंट होता.

तो उन्हाळा फार टिकला नाही. नशेने अनेक तरुण पोरं गिळली, हे विसरून हिप्पींचे गोडवे गाऊ नयेत. पण दवाखाना टिकला आणि त्याच्यासारखे मोफत दवाखाने इतर शहरांतही निघाले.

दुसरी गोष्ट बॉस्टनची. १९६९ मध्ये काही बायका एका सभेत जमल्या. आपलं ऐकून घेणारे डॉक्टर कोणते, याची यादी करायला बसल्या, तर यादीच होईना. मग त्यांनी स्वतःच अभ्यास केला आणि १९७० मध्ये स्त्रीच्या शरीराविषयी साध्या कागदावर १९३ पानांची पुस्तिका छापली. किंमत ७५ सेंट. पुढे ‘अवर बॉडीज, अवरसेल्व्हज’ या नावाने ती जगभर गेली.

केस कापले गेले, माळा तुटल्या. उरलं ते हे: आजारपणाची लाज बाळगू नये आणि डॉक्टरला प्रश्न विचारावा.

आपल्याकडे ही लाज अजून गेलेली नाही. माझ्याकडे बाप मुलाला घेऊन यायचे आणि ‘पोटात दुखतं’ म्हणायचे. दारूचं नाव तिसऱ्या खेपेला निघायचं. तोवर यकृताचं व्हायचं ते नुकसान झालेलं असायचं. बायका तर गाठ हाताला लागूनही वर्षभर गप्प राहायच्या.

मित्रहो, आता पेशंट व्हायची पाळी आपली आहे. गोळी कशासाठी, ऑपरेशन टाळता येईल का, हे बेधडक विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि घरातलं एखादं पोर नशेत अडकलं असेल, तर लोक काय म्हणतील याचा हिशेब नंतर करा, आधी त्याला डॉक्टरकडे न्या.

समजलं नाही तर हात वर कर, असं समोर बसलेल्या आमच्या सर-बाईंनी वर्गात किती वेळा सांगितलं! दवाखान्यातही तो हात वर करू या.