माणसं, त्यांच्या कारणांसकट



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले काही जण पुढे कथा-कादंबऱ्या लिहितील. आपल्याला क्रूर वाटेल असं वागणारा समाज कधीतरी तुमच्यासमोर उभा राहील. म्हणून आज चिनुआ अचेबे यांच्या १९५८ साली आलेल्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीविषयी बोलतो.

उमुओफिया हे नायजेरियातल्या इग्बो लोकांचं गाव. तिथल्या एका बाईचा म्बाइनो गावात खून होतो. लढाई टळावी म्हणून म्बाइनोवाले एक मुलगी आणि एक मुलगा देऊन टाकतात. हा मुलगा, इकेमेफुना, कादंबरीचा नायक ओकोंक्वो याच्या घरी तीन वर्षं वाढतो, त्याला बाप म्हणू लागतो. मग देवाचा कौल येतो : त्याला मारा. पहिला वार झाल्यावर मुलगा ओकोंक्वोकडे धावतो आणि ओकोंक्वोच त्याला कापून टाकतो. का? आपल्याला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून.

इथे एखादं शहाणं पात्र आणून आजची मूल्यं त्याच्या तोंडी घालणं किती सोपं होतं! अचेबेंनी ते केलं नाही. ‘त्यांची रीतच तशी’ म्हणून अंगही काढून घेतलं नाही. हरकत त्यांनी गावातच शोधली. म्हातारा, मानाचा एझेउदू कौल मोडायला सांगत नाही. पोरगा तुला बाप म्हणतो, तू यात पडू नकोस, एवढंच बजावतो. मित्र ओबिएरिका कौल नाकारत नाही, पण मारायला जातही नाही. ओकोंक्वोचा मुलगा न्वोये काहीच बोलत नाही. त्याच्या आत काहीतरी तुटतं. अशुभ म्हणून मडक्यात घालून रानात टाकलेल्या जुळ्या बाळांचं रडणं ऐकलं, तेव्हाही ते असंच तुटलं होतं. पुढे मिशनरी आल्यावर न्वोये त्यांच्याकडे जातो, आणि चार वेळा जुळी गमावलेली न्नेकाही.

अचेबे स्वतः न्वोयेसारख्यांच्या घरातले. त्यांचे वडील ख्रिस्ती धर्मप्रचारक होते. तरी ओकोंक्वोच्या जगातली कुस्ती, कोलाची बी फोडण्याचा मान, मुखवटे घालून न्याय करणारे पूर्वज त्यांनी मायेनं लिहिले. या पुस्तकातलं सर्वांत मोठं धाडस मला तेच वाटतं.

क्रूर वाटणारा समाज आफ्रिकेपुरता नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० साली निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. तिची नायिका, विधवा यमुना, हिचं केशवपन करणारी माणसं आपल्याच खापरपणजोबांच्या पिढीतली. त्या काळावर आज लिहाल, तर आजची मुलगी नऊवारी नेसवून त्या वाड्यात पाठवू नका. त्याच १८९० साली पुण्यात मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून पुढे न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, आलं. जिथे चहाची ही कथा, तिथे विधवा सुनेचे केस राखणाऱ्या सासऱ्याला वाळीत पडण्याची धास्ती किती खरी असेल! ती धास्ती पानावर आली पाहिजे. आणि त्याच घरात त्या दिवशी कोण जेवलं नाही, हेही आलं पाहिजे.

अशा लिखाणाची सुरुवात न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्या आठवणींपासून करा. त्यांच्या शिकण्यावरून त्यांना टोचून बोलणाऱ्या घरातल्या बायका त्यात आहेत. त्यांच्यापैकी एकीच्या बाजूनं एक प्रकरण लिहून पाहा.