वापरात असलेली डिस्क वाढवताना

मोठ्या संस्थांमध्ये एकाच सामायिक डिस्कवर अनेक संगणक एकाच वेळी लिहीत-वाचत असतात. त्यांनी एकमेकांच्या नोंदी बिघडवू नयेत याची काळजी घेणारी व्यवस्था म्हणजे क्लस्टर फाइल सिस्टीम. ओरॅकल कंपनीने तयार केलेली ओसीएफएस-टू ही त्यांतलीच एक. 2006 साली ती लिनक्सच्या 2.6.16 या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, दाखल झाली. डिस्क भरत आली तर काम न थांबवता तिची हद्द वाढवण्याची सोय 2008 साली, 2.6.25 मध्ये आली. हा कोड जेमतेम काही शे ओळींचा आहे. पण तो तपासणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे. ‘हे चालते का’ एवढे विचारून त्याचे भागत नाही. ‘हे मध्येच अडले तर शेजारच्या संगणकाला काय दिसेल’ हा प्रश्न त्याने प्रत्येक ओळीला विचारला पाहिजे.

चार कारकून एकाच खातेवहीत नोंदी करत असताना वहीला नवी पाने जोडावीत, तसे हे काम आहे. डिस्कचा कोणता तुकडा भरलेला आणि कोणता मोकळा, हे एका सामायिक बिटमॅपमध्ये लिहिलेले असते. जागा वाढवणारे साधन नव्या तुकड्यांच्या गटाची माहिती आधी डिस्कवर लिहिते आणि मग तो गट जोडून घ्यायला कर्नलला सांगते. कर्नल त्या साधनाच्या शब्दावर विसंबत नाही. आधीचा शेवटचा गट पूर्ण आकाराचा आहे का, मोकळे म्हणून सांगितलेले तुकडे एकूण तुकड्यांपेक्षा जास्त नाहीत ना, जुन्या संख्येत नवी मिळवल्यावर बेरीज उलट लहान तर येत नाही ना, हे सगळे तो पाहतो. ही बेरजेची तपासणी वरवर विचित्र वाटेल, पण तुकड्यांची संख्या 32 बिटांत मावते; तुकडा 4 किलोबाइटचा असेल तर 16 टेराबाइटलाच ती मर्यादा गाठते.

गट एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात, म्हणून प्रत्यक्ष जोडणीत क्रम महत्त्वाचा. आधी बिटमॅपवर असे कुलूप लागते की त्यात हात घालू पाहणारे इतर सर्व संगणक थांबतील. मग नवा गट साखळीतल्या जुन्या पहिल्या गटाकडे बोट दाखवतो आणि त्यानंतर साखळीचे टोक नव्या गटाकडे वळते. दोन्ही बदल जर्नलच्या, म्हणजे बदलांच्या नोंदवहीच्या, एकाच व्यवहारात बसतात. दुसऱ्या पायरीची तयारीच फसली, तर पहिल्या पायरीत बदललेला आकडा पूर्ववत करावा लागतो. त्या परतीच्या दोन-चार ओळी क्वचितच चालतात, आणि तपासणाऱ्याची नजर सर्वांत जास्त वेळ तिथेच असायला हवी.

फाइल सिस्टीमची मूळ माहिती ठेवणाऱ्या सुपरब्लॉकच्या जादा प्रतींचेही तसेच. त्या 1, 4, 16, 64, 256 गिगाबाइट आणि 1 टेराबाइट या ठिकाणी ठेवतात. ही सोय चालू असताना वाढलेली हद्द यांतले एखादे ठिकाण ओलांडत असेल, तर तिथला तुकडा आधीच ‘भरलेला’ म्हणून नोंदवावा लागतो. नाहीतर कुणाच्या तरी फाइलवर पुढे सुपरब्लॉक लिहिला जाईल. उलट, या प्रती लिहिताना चूक झाली तर कर्नल काम थांबवत नाही. हे घातक नाही, पण दुरुस्तीचे साधन चालवा, अशी सूचना देतो. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण जागावाटप बिटमॅपवरून होते, सुपरब्लॉकवरून नव्हे. मात्र एक अपयश चालते आणि दुसरे चालत नाही, असे का, हे तपासणाऱ्याने विचारलेच पाहिजे.

कुणी म्हणेल, वाचत बसण्यापेक्षा चाचण्या घ्या. चाचण्या हव्यातच. पण नेमक्या दोन ओळींच्या मध्ये बिघाड आणि त्याच क्षणी दुसरा संगणक कुलपाच्या प्रतीक्षेत, ही स्थिती आपोआप जुळून येत नाही. ती मुद्दाम घडवायची तर बिघाड कुठे घालायचा हे आधी वाचूनच कळते. शिवाय नुकसान त्या दिवशी दिसत नाही. नवी जागा वापरात येऊ लागली की दिसते. दुसरा आक्षेप असा की सगळे संगणक थोडा वेळ थांबवून डिस्क वाढवावी. छोट्या कार्यालयात खुशाल तसे करावे. पण जिथे थांबणेच परवडत नाही, तिथे हा सल्ला निरुपयोगी आहे. तिसरा आक्षेप खरा आहे: तपासणाराही चुकतो. कर्नलचे स्वतःचे नियमही हेच मानतात. ‘तपासले’ अशी नोंद म्हणजे पॅच, अर्थात कोडमधला सुचवलेला बदल, योग्य वाटल्याचे मत, तो हमखास चालेल याची हमी नव्हे. म्हणून नुसते नाव पुरत नाही, काय तपासले तेही लिहिलेले हवे.

पुण्यात आणि इतरत्र स्टोरेजच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे: अशा पॅचखाली आपले नाव घालाल तेव्हा अपयशाच्या कोणत्या वाटा तुम्ही शेवटपर्यंत वाचल्या आणि कोणत्या वाचल्या नाहीत, हे त्यासोबत लिहा.