अंधारांत पाहणारा डोळा

दिवेलागणीच्या वेळीं मूल ठेचकाळलें, कीं "डोळे फुटले का?" म्हणून त्याला रागें भरण्याची रीत पुष्कळ घरांत आढळते. त्या मुलाचा खरोखर दोष असतो काय, हें समजण्यास अंधारांत डोळा कसा पाहतो तें पाहिलें पाहिजे.

डोळ्याच्या मागच्या बाजूस दृष्टिपटल नांवाचा पातळ पडदा असतो. त्यांत सुमारें ६० लाख शंकुपेशी व सुमारें १२ कोटी दंडपेशी असतात. शंकुपेशी उजेडांत रंग दाखवितात. अंधुक प्रकाशाचा भार दंडपेशींवर. त्यांना रंग कळत नाहीं, म्हणून रात्रीं जास्वंदहि काळी दिसते. दृष्टीच्या ऐन मध्यभागीं दंडपेशी मुळींच नाहींत. यास्तव मंद तारा रोखून पाहिल्यास हरवतो, आणि नजर किंचित् बाजूस नेली कीं पुन्हां दिसतो.

या पेशी किती तल्लख आहेत, हें हेख्ट, श्लेअर व पिरेन या शास्त्रज्ञांनीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतून १९४२ सालीं दाखविलें. डोळ्यापाशीं ५४ ते १४८ प्रकाशकण पोहोंचले, कीं माणसाला क्षीण चमक दिसते. पण त्यांपैकीं दंडपेशींच्या हातीं लागतात अवघे ५ ते १४! ते सुमारें ५०० पेशींवर विखुरलेले असल्यानें एका पेशीला जागें करण्यास एकच कण पुरतो, हें उघड झालें.

परंतु पेशींत स्वतःचीहि कुजबूज अखंड चालूं असते. एकेका पुढील पेशीकडे अनेक दंडपेशींचे निरोप येतात. सर्वांची बेरीज केली तर खरा निरोप कुजबुजींत बुडून जाईल. म्हणून त्या सांध्यावरच बारीक संदेश अडविले जातात आणि ठळक तेवढेच पुढें जातात. शहाणा कारभारी गलबल्याकडे कान न देतां स्पष्ट हाकेलाच ओ देतो, तसेंच हें.

दंडपेशींतील प्रकाशग्राही द्रव्य मात्र 'अ' जीवनसत्त्वावांचून तयार होत नाहीं. दृष्टिपटलांत हें सत्त्व असल्याचें जॉर्ज वाल्ड यांनीं १९३३ सालीं दाखविलें. त्यांना १९६७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तें कमी पडलें, कीं प्रथम रातांधळेपणा येतो, आणि उपेक्षा झाल्यास बुबुळावरील पारदर्शक पडदा खराब होऊन दृष्टि कायमची जाऊं शकते.

तेव्हां संध्याकाळीं चांचपडणाऱ्या मुलाला रागावूं नये. त्यास वैद्यकीय तज्ज्ञाकडे न्यावें, आणि त्याच्या ताटांत शेवग्याचा पाला, गाजर, पपई, अंडीं, दूध यांपैकीं जें घरीं मिळेल तें नित्य वाढावें.