दोन औषधे, एक वाहक

कोलकात्याच्या पूर्वेस वसविलेल्या न्यू टाउन या नगरात २०११ साली टाटा मेडिकल सेंटर हे कर्करोग रुग्णालय सुरू झाले. नामसाम्यामुळे परळच्या टाटा मेमोरियलशी त्याची गल्लत होते. परंतु परळची संस्था केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, तर न्यू टाउनची एका धर्मादाय न्यासाकडे. पूर्व व ईशान्य भारतातून, बांगलादेशातूनही रुग्ण येथे येतात. त्यांत स्तनाच्या कर्करोगाने पीडित स्त्रियाही असतात. भारतीय स्त्रियांत हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. २०२० साली नव्या रुग्णांची संख्या सुमारे १ लाख ७८ हजार असल्याचा अंदाज होता.

अशा स्त्रीस रसायनोपचार द्यावयाचे झाल्यास सहसा एकाच औषधावर भागत नाही. डॉक्सोरुबिसिन पेशीच्या डीएनएत शिरते. पॅक्लिटॅक्सेल विभाजनाच्या वेळी उभारले जाणारे सूक्ष्मनलिकांचे जाळे गोठविते. एका माऱ्यातून निसटलेली पेशी दुसऱ्यात सापडावी, हा हेतू. मिलानच्या बोनादोन्ना यांनी शस्त्रक्रियेनंतर तीन औषधे एकत्र देण्याचे फळ १९७६ सालीच दाखवून दिले होते.

अडचण निराळीच आहे. प्रयोगशाळेत दोन औषधांचे एखादे विशिष्ट प्रमाण पेशींना घातक ठरते. शिरेत सोडल्यावर मात्र प्रत्येक औषध आपापल्या वाटेने जाते: एक लवकर निचरून जाते, दुसरे ऊतींत रेंगाळते. अर्बुदापाशी पोहोचेतो ते प्रमाण उरत नाही. शिवाय डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूसही इजा करते. दर चौरस मीटर शरीरपृष्ठामागे एकूण मात्रा ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेली, की हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. कर्करोगातून वाचलेल्या स्त्रीने पुढे हृदयविकाराने अंथरूण धरावे, हा सौदा कोणाला परवडेल?

यावरील तोड म्हणजे नॅनोवाहक. लायपोसोम हा स्निग्ध पदार्थाचा बुडबुडा. व्यास सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे तांबड्या रक्तपेशीच्या सत्तर-ऐंशी पट लहान. त्याची रचना करंजीसारखी समजावी. पाण्यात विरघळणारे डॉक्सोरुबिसिन सारणाच्या जागी, तर पाण्याशी न जमणारे पॅक्लिटॅक्सेल पारीत. दोन्ही एकाच वेळी, ठरल्या प्रमाणात पोहोचावीत, हीच कल्पना.

एकट्या डॉक्सोरुबिसिनचा लायपोसोम अमेरिकेत १९९५ साली मान्य झाला. त्याने हृदय पुष्कळसे वाचते. पण तळहात-तळपायांची कातडी सोलवटते. पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिनच्या कणांशी बांधून स्तनाच्या कर्करोगासाठी २००५ साली आले. दोन औषधे ५:१ या ठरीव प्रमाणात वाहणारा लायपोसोम २०१७ साली मान्यता पावला, तो मात्र रक्ताच्या कर्करोगासाठी. जुन्या पद्धतीने तीच औषधे घेणाऱ्या वृद्ध रुग्णांचे मध्यक आयुष्य सुमारे ६ महिने होते. लायपोसोममुळे ते साडेनऊ महिन्यांवर गेले.

स्तनातील गाठीचे काम अधिक बिकट. घाईने वाढलेल्या अर्बुदाच्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात, त्यांतून कण आत झिरपतात, हे जपानमधील मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ साली मांडले. त्यावर मोठी आशा बांधली गेली. २०१६ साली दहा वर्षांतील प्रयोगांचा, बहुतांशी उंदरांवरील, ताळेबंद मांडला गेला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी मध्यक प्रमाणाने जेमतेम ०.७ टक्के कण अर्बुदात पोहोचल्याचे दिसले. बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहा अडवून धरतात.